रिकाम्या ग्लासातलं पाणी

मला फोटो काढून घ्यायला आवडत नाही. यामागे काहीतरी कारण असलंच पाहिजे, असं लोकांना वाटतं. लग्नाकार्यात कुणीतरी दंडाला धरून ओढतं, मी हात सोडवून घेते, आणि मग सुरू होतं: लहानपणी काही झालं होतं का, कुणी काही बोललं होतं का, नवऱ्याला चालत नाही का. काही झालेलं नाही. रंग सावळा आहे, पुढच्या दोन दातांत फट आहे, डाव्या गालावर तीळ आहे, आणि आरशात बघताना यातलं काही मला खुपत नाही. पण कॅमेरा समोर आला की ओठ कुठं ठेवायचे ते कळेनासं होतं, हात उगाच लांब वाटायला लागतात. समोरचा माणूस बोलत असतो माझ्याशी आणि बघत असतो भलतंच काहीतरी. ते बघणं मला सहन होत नाही, एवढंच.

शाळेच्या वर्गाच्या फोटोत मी एका उंच मुलीच्या मागे आहे, माझी फक्त एक वेणी दिसते. लग्नाच्या अल्बममध्ये जवळजवळ सगळीकडे माझे डोळे मिटलेले. सासूबाई पाहुण्यांना अल्बम दाखवताना हमखास सांगतात, "आमच्या सुनेचं लग्न झोपेतच लागलं." सगळे हसतात, मीही हसते. घरातल्या माणसांनी ते मान्य केलं होतं. कामावर मात्र ते कुणी मान्य करेना.

मी भिवंडीजवळ, मानकोलीच्या पुढं एका गोदामात कामाला आहे. मोबाईलवरून लोक सामान मागवतात, ते आमच्याकडून जातं. आणि पसंत पडलं नाही की आमच्याकडेच परत येतं. परत आलेला माल तपासायचा विभाग माझ्याकडे होता. तिथं बरीच वर्षं काढल्यावर माणूस नाजूक राहत नाही. आठवडाभर घालून परत पाठवलेले बूट, काखेत पांढरे डाग पडलेले कुर्ते, चटणी वाळून चिकटलेलं मिक्सरचं भांडं. एकदा उशीचा अभ्रा आला, त्यावर डोक्याच्या तेलाचा मोठा गोल डाग, आणि कारण लिहिलेलं, 'रंग आवडला नाही'. हातमोजे घालायचे, खोकं उघडायचं, वास आला तर मान वळवायची, शिक्का मारून पुढं सरकवायचं. घरी जाऊन साबणानं हात धुतले की ती किळस निघून जाते. मी ज्या किळसेबद्दल सांगणार आहे ती साबणानं जाण्यातली नव्हती.

आमच्या गोदामात बायका पुष्कळ आणि बायकांसाठी चालू असलेला संडास एक. दुसरा होता, पण त्याला कुलूप. तो पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला. चालू होता त्याची कडी तुटलेली होती. आत गेलं की दाराला बांधलेली सुतळी एका हातानं ओढून धरायची. पाणी ड्रममध्ये, ड्रमचा तळ शेवाळलेला. दुपारनंतर तर तिकडं फिरकावंसं वाटत नसे. त्यामुळे आम्ही सगळ्या जणी एक उपाय करायचो. पाणीच प्यायचं नाही. घरून निघताना घोटभर, मग थेट घरी गेल्यावर तांब्याभर. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. नवीन आलेली मुलगीसुद्धा चार दिवसांत आपोआप शिकायची.

आमच्यात एक मावशी होत्या. अंबाडी नाक्याच्या आतल्या बाजूच्या गावातून एसटीनं यायच्या, पॅकिंगच्या टेबलावर उभ्या राहून खोक्यांना टेप लावायच्या. वयानं माझ्या आईएवढ्या. आवाज मोठा, हात चपळ. त्यांची तेवढी लांबची एसटी, त्यामुळे त्यांचं पाणी न पिणं आमच्यापेक्षा जास्त तासांचं.

मार्चमध्ये महिला दिन येणार होता. त्याच्या आधी ऑफिसातून खबर आली की बायकांसाठी आरामाची खोली करणार आहेत, शेजारी नवा संडासही. आम्हाला खरंच आनंद झाला. माल उतरवायच्या जागेमागे एक कोपरा पत्रे लावून वेगळा केला, रंग दिला. आणि मग एके दिवशी ऑफिसातली एचआरची मुलगी माझ्या टेबलाशी आली. ठाण्याची होती, पंचविशीची, बोलायला गोड.

"ताई, खोलीचा फोटो काढायचाय. हेड ऑफिसला जाणार, मोठा करून खाली रिसेप्शनला लागणार. त्यात तुम्ही पाहिजे."

मी म्हटलं, "मॅडम, मी फोटो काढत नाही. त्या पॅकिंगच्या मुलींना विचारा, त्या दिवसभर रील काढत असतात."

"त्या मॉडेलिंग केल्यासारख्या वाटतात हो. तुमचा चेहरा कसा, एकदम कामकरी बाईचा. खरा वाटतो."

"खरा वाटतो म्हणजे?"

ती हसली. तिला त्यात काही वावगं बोलल्यासारखं वाटलंच नाही.

मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब आवाज चढवणारे नव्हते. खुर्चीवर बसवलं, चहा मागवला.

"ताई, तुम्ही जुन्या. तुम्हीच मागं सरलात तर बाकीच्यांनी काय करायचं? दोन मिनिटांचं काम आहे."

"सर, मला जमत नाही. पहिल्यापासूनच."

"लाजता कशाला? आपल्या घरातलंच आहे सगळं." मग चहाचा घोट घेत ते सहज बोलल्यासारखं बोलले, "सुपरवायझरसाठी तुमचं नाव मी वर दिलंय. वरची माणसं बघतात, कोण कंपनीत मिसळतं, कोण नाही."

मी कपातल्या चहाकडे बघत बसले. त्यावर साय धरली होती. मी तो चहा प्यायले नाही, पण हो म्हणून आले.

फोटोच्या दिवशी खोली पहिल्यांदा आतून पाहिली. रंगाचा वास नाकात जात होता. एक लोखंडी खाट, त्यावर गादी, गादीचं प्लास्टिक तसंच. उशी. कोपऱ्यात प्लास्टिकची फुलझाडं. टेबलावर स्टीलच्या ताटात सफरचंदं आणि द्राक्षं. भिंतीशी थंड पाण्याचं नवं मशीन. मावशी माझ्या मागोमाग आत आल्या होत्या. त्यांनी खाटेच्या कडेला टेकून गादी हातानं दाबून बघितली.

"मऊ हाय गं," त्या मला म्हणाल्या. "दुपारच्याला जराशी पाठ टेकाया बरं होईल."

साहेब दारातून म्हणाले, "मावशी, जरा बाहेर व्हा. फ्रेममध्ये येताय."

मावशींना फ्रेम म्हणजे काय ते कळलं की नाही कोण जाणे. बाहेर व्हा हे कळलं. त्या उठल्या, दाबलेल्या गादीवर हात फिरवून ती सारखी केली आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

एचआरच्या मुलीनं पर्समधून लिपस्टिक काढली. त्या लिपस्टिकचं टोक झिजून वाकडं झालेलं, त्यावर कुणाच्या तरी ओठाची सुकलेली साल चिकटली होती. मी तोंड मागं घेतलं. "हलकीच लावते ताई," ती म्हणाली, आणि माझे ओठ मिटलेले असतानाच तिनं ती फिरवली. तिचा चिकटपणा मला संध्याकाळपर्यंत जाणवत होता, घासून काढल्यावरसुद्धा.

फोटोग्राफर भिवंडीतलाच, लग्नाच्या ऑर्डरी करणारा. तोंडात गुटखा, त्यामुळे बोलताना मान वर करून बोलायचा. आधी त्यानं मला खाटेवर बसवलं, मग उभं केलं. मग जवळ आला आणि काही न विचारता माझी हनुवटी दोन बोटांत धरून डावीकडे वळवली. बोटांना सुपारीचा आणि चुन्याचा वास होता. बाजारात कोंबडीची मान फिरवून बघतात, तशी त्यानं माझी मान फिरवली. मी मागं सरकले. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

"दीदी, अब पानी पीजिए. मशीन के पास."

मी ग्लास घेतला, नळ दाबला. काही आलं नाही. पुन्हा दाबला. मशीनच्या मागं बघितलं तर पाण्याची नळी भिंतीपर्यंत येऊन नुसतीच लोंबत होती. प्लगसुद्धा लावलेला नव्हता.

"यात पाणी नाही," मी साहेबांना म्हटलं.

साहेबांनी एचआरच्या मुलीकडे बघितलं, तिनं फोटोग्राफरकडे.

"चलेगा, चलेगा," तो म्हणाला. "पानी दिखता थोडी है. आप ग्लास मुंह को लगाइए और मुस्कुराइए. जैसे बहोत अच्छा लग रहा है."

सकाळपासून मी घोटभरच पाणी प्यायले होते. घसा कोरडा होता. रिकामा ग्लास ओठांना लावला. नव्या स्टीलला तेलकट वास येत होता. "थोडा और ऊपर. हां. अब हंसिए. आंखों से हंसिए." मी हसले. दारातून मावशी बघत होत्या, त्यांच्यामागे अजून तिघी-चौघी. त्या सगळ्यांसमोर मी रिकाम्या ग्लासातून पाणी प्यायले आणि बरं वाटल्यासारखं हसले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, कारण त्याला उजेड जमत नव्हता.

काम झालं. शिपायानं फळांचं ताट उचललं आणि साहेबांच्या केबिनकडे नेलं. साहेबांनी दिवा बंद केला, दाराला कुलूप लावलं. बाहेर उभ्या राहिलेल्या बायका इकडंतिकडं झाल्या. मावशी मला म्हणाल्या, "उद्या उघडतील वाटतं."

उद्या उघडली नाही. परवाही नाही. नळाचं काम बाकी आहे, प्लंबर गावाला गेलाय, वरून मंजुरी यायचीय, अशी कारणं येत राहिली. नव्या संडासाचं तर नुसतं दार बसवलं होतं. मागं जमीन तशीच.

फोटो मात्र वेळेवर आला. सकाळी कामावर आले तर रिसेप्शनच्या भिंतीवर दाराएवढी मी. पहिल्यांदा मला मी ओळखूच आले नाही. रंग उजळ केलेला, इतका की गळ्याजवळ जिथं उजळवणं संपलं तिथं रेघ दिसत होती. गालावरचा तीळ नाही. दातांतली फट बुजवलेली. आणि ग्लासात पाणी. स्वच्छ, निळसर, थंडगार पाणी, ग्लासाच्या बाहेरून थेंबसुद्धा ओघळलेले. कॉम्प्युटरवर भरलेलं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तिच्या समाधानातच आमचं यश'.

मी तिथं उभी राहिले. मागून येणाऱ्या मुली म्हणत होत्या, "ताई, हिरॉईन," "ताई, पार्टी पाहिजे." त्यांचं खोटं नव्हतं, त्यांना खरंच कौतुक होतं. मला तोंडात पुन्हा ती लिपस्टिक लागल्यासारखं झालं. माझ्या दातांत फट आहे तर आहे. ती कुणी, कुठल्या हक्कानं बुजवली? आणि ते पाणी. ते बघून मला कुणाच्या तरी उष्ट्या ग्लासातलं पाणी घशाखाली गेल्यासारखं वाटत राहिलं.

तोच फोटो कंपनीच्या ग्रुपवर आला, तिथून कसा कोण जाणे आमच्या इमारतीतल्या बायकांच्या ग्रुपवर. घरी पोचले तर सासूबाईंनी शेजारच्या दोघींना बसवून ठेवलेलं. फोन हातात.

"बघा, बघा, ही आमची. किती गोरी आली बघा."

"आई, ते रंगवलंय," मी म्हटलं.

"रंगवलं तर रंगवलं. चांगलीच दिसतेस. माझा फोटो कुणी इतका मोठा लावला नाही कधी."

त्यांना काय सांगणार? त्यांनी उभं आयुष्य लोकांच्या घरी भांडी घासली. सुनेचा फोटो ऑफिसात लागला ही त्यांच्या दृष्टीनं लहान गोष्ट नव्हती. मी चहा टाकायला आत गेले.

माझे मिस्टर पॉवरलूमवर फिटर आहेत. रात्री जेवताना त्यांनी फोन जवळ धरून फोटो बराच वेळ बघितला, बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला. मग म्हणाले, "ही कोण?" मी हसेन असं त्यांना वाटलं असावं. मी हसले नाही म्हटल्यावर त्यांनी फोन पालथा ठेवला. भाकरी मोडत म्हणाले, "उतरवायला सांग ना."

मी सांगितलं. एचआरच्या मुलीला सांगितलं, की हा फोटो भिंतीवरून उतरवा, ही मी नाही, आणि ते पाणीही खरं नाही. तिनं समजूत घातली. "ताई, सगळेच करतात हो एडिट. माझ्या साखरपुड्याच्या फोटोत मला मीच ओळखू येत नाही. लोकांना आवडतं." साहेबांकडे गेले तर ते म्हणाले, "फ्रेम हेड ऑफिसची आहे, माझ्या हातात नाही." रोज आत जाताना मी पायांकडे बघत जायला लागले.

मावशींनी एकदा विचारलं, अगदी साधेपणानं, "त्या खोलीत पाणी आलं वाटतं गं?"

"नाही मावशी."

"मंग फोटूत ग्लास भरलेला हाय तो?"

मी हातमोजे चढवले आणि पुढचं खोकं ओढलं.

उन्हाळा वाढला. पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नसे. त्यातच कंपनीचा मोठा सेल झाला आणि सेलनंतर परतीचा माल धो धो यायला लागला. माझ्या विभागात जागा उरली नाही. साहेबांनी शिपायाकरवी मला एक किल्ली पाठवली. ती कुठली ते मला किल्ली बघून कळलं नाही, दाराशी गेल्यावर कळलं. आरामाच्या खोलीत माल ठेवायचा होता. खाटेवर, खाटेखाली, मशीनला टेकून खोकी रचली गेली. वापरलेले बूट, डागाळलेल्या चादरी, फुटलेल्या बाटल्यांतून गळलेला शाम्पू आणि तेल. खिडकी नव्हती. महिनाभरात त्या खोलीला असा वास लागला की दार उघडून मी आधी बाजूला उभी राहायचे आणि मग आत जायचे. गादीच्या प्लास्टिकवर उंदरांच्या लेंड्या. जिथं मला ग्लास घेऊन उभं केलं होतं, त्याच जागी आता कुणाच्या तरी बाळाची उलटी लागलेल्या दुपट्यांचं खोकं होतं.

त्याच दिवसांत मावशी पडल्या. टेबलाशी टेप लावता लावता खाली बसल्या आणि आडव्या झाल्या. अंगात सणसणून ताप होता. तो चार दिवसांपासून असावा. लघवीला जळजळ होतेय हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही दोघींनी त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, जंतू वर मूत्रपिंडापर्यंत गेलेत म्हणाल्या. मग जरा रागानंच विचारलं, "मावशी, पाणी पीत नव्हता का?"

मावशींनी डोळे न उघडताच सांगितलं, "पिऊन जाऊ कुठं बाय?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी कपड्यांवर कंपनीचं जॅकेट घातलं होतं, गळ्यात ओळखपत्र. मी दोन्ही काढून पिशवीत टाकलं.

मावशी दवाखान्यातच होत्या तेव्हाची गोष्ट. ज्या कंपनीचा माल आमच्या गोदामात असतो, तिथल्या एक अधिकारी बाई पुण्याहून पाहणीला आल्या. साधारण माझ्याच वयाच्या, सुती साडी, पायात साध्या चपला. सकाळपासून फरशा पुसल्या जात होत्या, पाहुण्यांच्या संडासाचं कुलूप काढलं होतं. साहेब आणि एचआरची मुलगी त्यांना घेऊन फिरत फिरत आमच्याकडे आले. बाईंनी माझ्याकडे बघितलं, थांबल्या, पुन्हा बघितलं.

"खाली फोटोत आहेत त्या याच ना?"

"याच, याच मॅडम," साहेब म्हणाले. "आमच्या सर्वात जुन्या."

"मग चला की, त्या खोलीतच यांच्यासोबत एक फोटो घेऊ. मला रिपोर्टला लावता येईल."

साहेब लगेच म्हणाले, "मॅडम, आज तिथं पेस्ट कंट्रोल केलंय. वास असेल. पुढच्या वेळी नक्की."

बाईंनी मान हलवली आणि त्या पुढं निघाल्या. म्हणजे एवढ्यावर ते संपत होतं. मला कुणी काही विचारलंच नव्हतं. किल्ली माझ्या जॅकेटच्या खिशात होती. मी ठरवून बोलले असं म्हणता येणार नाही. दवाखान्यातला मावशींचा चेहरा आठवला असंही नाही. साहेब 'वास असेल' म्हणाले ना, ते ऐकून मला इतकी शिसारी आली की तोंड उघडलं गेलं.

"पेस्ट कंट्रोल नाही मॅडम," मी म्हटलं. "किल्ली माझ्याकडेच आहे. चला, दाखवते."

साहेब म्हणाले, "ताई," नुसतं एवढंच. मी चालायला लागले. बाई माझ्यामागे आल्या, त्यामुळे बाकीच्यांना यावं लागलं.

मी कुलूप काढलं, दार उघडलं आणि नेहमीसारखी बाजूला उभी राहिले. बाईंना ती सवय नव्हती. त्या थेट दारात गेल्या आणि पदर नाकाला लावून मागं आल्या. मी दिवा लावला. खोक्यांच्या फटीतून गुलाबी भिंत दिसत होती, खाटेचा एक पाय दिसत होता.

"पाण्याचं मशीन?" त्यांनी विचारलं.

"खोक्यांमागे आहे. नळी जोडलेली नाही. कधीच जोडली नव्हती."

"आणि फोटोत तुम्ही पिताय ते?"

"ग्लास रिकामा होता. पाणी नंतर भरलंय, फोटोत."

मग एकेक विचारत गेल्या तशी मी सांगत गेले. सुतळी सांगितली, ड्रम सांगितला, मावशी दवाखान्यात आहेत ते सांगितलं. साहेब मध्ये बोलायला बघत होते, बाई हातानं थांबवत होत्या. मग त्यांनी पर्समधून मोबाईल काढला आणि खोलीचे फोटो घ्यायला सुरुवात केली. मला तेव्हा खरंच वाटलं, की कुणीतरी नीट बघतंय.

फोटो घेता घेता त्या वळल्या. "ताई, तुम्ही जरा आत उभ्या राहता? त्या खोक्यांपाशी. म्हणजे तो खालचा फोटो आणि हा, शेजारी शेजारी लावला की कुणाला काही सांगावंच लागणार नाही."

त्यांचा हेतू चांगला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यांचे डोळे बदलले होते. त्या माझ्याशी बोलत होत्या आणि माझ्या खांद्यावरून मागच्या खोक्यांकडे बघत होत्या, मी तिथं कशी दिसेन ते बघत होत्या. गुटखा नव्हता, हनुवटी धरली नव्हती. बाकी सगळं तेच होतं.

"खोलीचा काढा मॅडम," मी म्हटलं. "माझा नको."

"घाबरू नका. तुमच्या नोकरीला काही होणार नाही, मी आहे ना."

"घाबरले असते तर दार उघडलं नसतं. मला फोटो आवडत नाही."

"पण एवढं सांगितलंत, मग एक फोटो—"

"सांगितलं ते पुरे आहे ना?"

त्या थोड्या दुखावल्या. मोबाईल खाली घेतला, "ठीक आहे, तुमची इच्छा," म्हणाल्या. जाताना त्यांनी माझा निरोप घेतला नाही. मी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

पुढं जे झालं ते कागदोपत्री चांगलंच झालं. आठवड्याभरात खोकी हलली, खोली धुतली, मशीनला नळी आली. संडासाच्या दाराला कडी बसली. नवा संडास पावसाळ्याच्या तोंडावर तयार झाला. सुपरवायझर म्हणून दुसऱ्याच बाईंचं नाव लागलं, आणि मला परतीच्या विभागातून काढून माल उतरवायच्या जागी टाकलं. तिथं दिवसभर धूळ आणि ट्रकांचा धूर. साहेब समोरून गेले तर मोबाईल कानाला लावतात. रिसेप्शनचा फोटो एके दिवशी एचआरच्या मुलीनं स्वतः उतरवून घेतला. मला म्हणाली, "ताई, हेड ऑफिसनं सांगितलं." भिंतीवर चार खिळे राहिले.

मावशी बऱ्या होऊन परत आल्या. बारीक झाल्या होत्या, पण टेप पूर्वीसारखीच फाडत होत्या. खोली उघडल्यावर पहिल्या दुपारी जेवण झाल्यावर आम्ही सगळ्या तिथं गेलो. एवढ्या बायकांना खाट कुठली पुरते? मावशींना खाटेवर झोपवलं, बाकीच्या खाली चादर टाकून. कुणी भिंतीला पाय लावून पडली, कुणी केस सोडून बसली. सगळ्या जणी पाणी प्यायल्या. एक मुलगी तर ग्लासावर ग्लास प्यायली आणि पोट धरून हसत बसली. मी दाराशी भिंतीला टेकले होते.

तेवढ्यात एचआरची मुलगी आली, हातात मोबाईल.

"ताई, मावशी, फक्त एक फोटो. पुण्याच्या मॅडमना पाठवायचाय. खोली वापरात आहे असं दाखवायचंय."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझं मत त्यांना माहीत होतं, आणि त्यांना काढायचा असता तर मी उठून बाहेर गेले असते. पण कुणी उठून बसेना, केस बांधेना. मावशींनी खाटेवरूनच मान वळवली.

"पोरी, बायका झोपल्यात न्हाय का? दार लोटून घे."

ती दारात घुटमळली. "मावशी, मला ओरडतील हो."

"तू बी ये मंग आत. पड जराशी."

ती आत आली नाही. तिला पाठवायचं तर होतंच काहीतरी. तिनं खाली बघितलं. दाराबाहेर आमच्या चपला आणि कंपनीचे बूट पडले होते, एकमेकांवर चढलेले, धुळीनं माखलेले, माझी एक चप्पल उलटी. तिनं वाकून त्यांचा फोटो काढला, नीट बघितला आणि दार ओढून घेऊन निघून गेली.

पुण्याच्या मॅडमना तो चालला म्हणे. मी ते ऐकलं आणि मला आधी हसू आलं, मग तीच जुनी शिसारी. बायका पाणी प्यायल्या, घटकाभर पडल्या, हे खरं ठरायला शेवटी फोटोच लागला होता. निदान त्यात कुणाला हसावं लागलं नव्हतं.